पाव्हण्याचा तांब्या

"गाव कुठलं?"

आमच्या बंगळूरच्या घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, पुरती उतरलेही नव्हते. एका हातात स्टोव्ह, काखेत देवांचा डबा, दोन दिवसांच्या आगगाडीनं अंग आंबून गेलेलं. आमचे हे जटकेवाल्याशी हातवारे करून बोलत होते, कारण कानडीच्या नावानं तेव्हा आम्हा दोघांचीही पाटी कोरी.

"पुणं," मी म्हटलं.

"घरातलं कोण लढाईवर गेलेलं?"

"नाही हो. आमच्या घरात लढाया सगळ्या आपसांत."

ते हसले नाहीत. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. "आत या. सामान राहू दे तिथंच. आधी तांब्या."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परक्या मुलखात पाय ठेवल्याठेवल्या पाणी विचारणारं मराठी माणूस भेटलं. चपला काढून मी आत गेले, तर त्यांनी मला एका काचेच्या कपाटापुढं उभं केलं. आत लाल कापडावर एक तांब्या ठेवलेला. काळा ठिक्कर. कोळसा बरा.

"ओळखता?"

मी तांब्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "नाही," म्हटलं.

"सरी," ते पुन्हा म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले. पाणी नाहीच. ते नंतर त्यांच्या बायकोनं, अक्कांनी आणून दिलं. "रागवू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांचं पहिलं लग्न त्या तांब्याशी झालंय. मी दुसरेपणाची."

ती वर्षं पन्नास आणि साठच्या सांध्यावरची. ह्यांना एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती, आणि कारखान्याची बस चामराजपेटेच्या नाक्यावर सकाळी सहाला यायची, म्हणून आम्ही तिथं बिऱ्हाड केलं. घर कौलारू, मधे नळाचं अंगण. मागच्या दोन खोल्या आमच्या, मधल्या मालकांच्या. आणि रस्त्याकडच्या, सगळ्यांत उजेडाच्या, सगळ्यांत हवेशीर दोन खोल्या होत्या युद्धाच्या. दारावर कानडीत आणि इंग्रजीत पाटी होती: 'युद्ध वस्तू संग्रहालय. चपला बाहेर. घाईत असाल तर पुन्हा कधीतरी.' अक्कांना त्या खोल्यांत कॉफी दळायची गिरणी टाकायची होती. तीस वर्षं त्या हे म्हणत होत्या आणि तीस वर्षं अण्णा "बघू स्वल्प" म्हणत होते.

आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो. सगळी गल्ली म्हणायची. उंच, काटकुळे, डोक्याला जरीकाठी पेटा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, खाली खाकी अर्धी चड्डी आणि पाय अनवाणी. वरचा अर्धा माणूस लग्नाला निघालेला आणि खालचा मोटेवर, असं ध्यान. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. "ते घोड्यावरून आले," अण्णा सांगायचे, "मी खेचरामागून चालत परत आलो." घरात मराठी बोलायचे, तीही अशी की तीन शब्दांमागे एक कानडी. लिहिणं-वाचणं मात्र सगळं कानडीतच. मराठी त्यांच्या कानातोंडाची, डोळ्यांची नव्हे.

पहिल्या महायुद्धात ते विशीतले पोर असताना बसऱ्याला गेले होते. शिपाई म्हणून नव्हे, खेचरं हाकायला. त्याचा त्यांना कोण अभिमान! संग्रहालयात लोक तलवारी-बंदुका बघायला यायचे आणि आत येऊन गोंधळून उभे राहायचे. कारण आत काय, तर चंद्री नावाच्या खेचरीचा एक नाल. पाणी वाहायची चामड्याची पखाल, वाळून लाकूड झालेली. सात ठिकाणी रफू केलेला एक मोजा. फौजेच्या रेशनातलं एक बिस्कीट, ज्याला चाळीस वर्षांत मुंगी लागली नव्हती. ("मुंगी शहाणी असते," अण्णा म्हणायचे.) आणि माणसांची सात भांडी: दोन मगे, एक डबा, दोन वाट्या, एक ताटली आणि तो तांब्या. सगळी काळीकुट्ट.

"बंदूक नाही एकपण?" एकदा कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं.

"बंदूक बघायला परेडीच्या मैदानावर जावा. बंदुकीच्या मागं जे चालत होतं ते इथं आहे."

प्राध्यापक इतिहासाचे. त्यांनी अण्णांनी हातानं काढलेल्या, भिंतीवरच्या नकाशातली तारीख चुकलीय म्हणून सांगितलं. अण्णा हात जोडून म्हणाले, "तारीख साहेबांना ठाऊक असेल स्वामी. त्या दिवशी माझ्या टाचेला फोड होते, एवढं मला ठाऊक." मग त्या प्राध्यापकांनाही ते तीन प्रश्न झाले. गाव कुठलं, घरातलं कोण लढाईवर गेलेलं, आणि हा ओळखता? आलेल्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न व्हायचेच. पोस्टमन तमिळ होता, त्यालाही सुटका नव्हती. एकदा रस्ता चुकून एक गोरी मडम पाणी मागायला आली, तर तिलाही विचारलं. पाणी अर्थात अक्कांनीच दिलं.

माणसं पारखायची त्यांची रीत वेगळीच. "खेचर ह्याच्या हातची हुरळी खाईल काय?" हुरळी म्हणजे आपले कुळीथ. घरी कोणी येऊन गेलं की अण्णा क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आमचे हे पहिल्याच दिवशी पास. मत मागायला आलेले एक पुढारी गेल्यावर अण्णा म्हणाले, "चंद्रीनं लाथ घातली असती." माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "तुमच्या हातची खाईल. पण कान मागं करून." आता ह्यात मी काय समजायचं? बसमध्ये चढतानाही अण्णा आधी बसच्या नाकाडावर, खेचराला थोपटावं तसं, दोनदा थोपटायचे, मग चढायचे. कंडक्टर लोक ओळखून होते. अण्णांचं थोपटून होईपर्यंत घंटी मारायचे नाहीत.

मी चेष्टा करायची, खोटं कशाला बोलू. पुण्याचं तोंड माझं, गप्प कसं बसणार? पण तिसऱ्या वर्षी पावसाळ्याआधी त्यांच्या छातीत एक कळ येऊन गेली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. मी पेज घेऊन गेले तर ते उशीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या मांडीवर तो तांब्या.

"बाई," ते म्हणाले, "मी गेलो की हा मोडीत जाणार. अक्का गिरणी टाकेल. टाकू दे, तिचं चुकत नाही. पण हा माझा नाही. ज्याचा आहे त्याच्या घरी जायला पाहिजे. त्याला मी शब्द दिलाय."

"मग पाठवून का नाही दिलात?"

"कुठं पाठवू?" एवढंच म्हणून त्यांनी तांब्या उशाशी ठेवला. मी पेज ठेवून आले. मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात भुंगा आहे झालं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

अण्णा हिंडते-फिरते झाले आणि निरोप आला की एक निवृत्त ब्रिगेडियर रविवारी संग्रहालय बघायला येणार आहेत. गल्लीत ही खळबळ! नेमके त्याच आठवड्यात अण्णा-अक्का दोन दिवस तुमकूरला लग्नाला गेले. जाताना अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली. "झाडून तेवढं घ्या. कशाला हात लावू नका."

मी झाडलं. काचा पुसल्या. आणि मग त्या काळ्या भांड्यांकडे बघून माझ्या जिवाचा संताप संताप झाला. एवढा मोठा माणूस येणार, आणि मराठी माणसाच्या घरात ही असली भांडी! लोक म्हणतील, ह्यांच्याकडे बायका नाहीत का? आईनं आम्हाला शिकवलं होतं, पाहुणा दारात यायच्या आत तांब्या लखलखला पाहिजे. मी म्हटलं, अण्णांना चकित करू.

सगळ्यांत लाजिरवाणा तो तांब्या, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी नळाखाली बसले. ती काजळी म्हणजे काजळी नव्हतीच, डांबर होतं. दुपारी बसले ती उन्हं कलली तरी घासतेच आहे. मनगटं भरून आली, नखं काळी झाली. पण अखेर पितळ हसलं हो! आधी गळा, मग पोट, मग बूड. असा झळाळला की त्यात माझं नाक दिसायला लागलं. बाकीच्या सहा भांड्यांना हात लावायचं बळ उरलं नाही. मी तो पुसला, लाल कापडावर ठेवला आणि चार पावलं मागं जाऊन बघितला. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

शनिवारी सकाळी अण्णा आले. पेटासुद्धा न काढता आधी संग्रहालयात गेले. मी दारात उभी, शाबासकी घ्यायला.

ते कपाटापुढं उभे राहिले. हळूच खाली जमिनीवर बसले. मग तांब्याला हात न लावता म्हणाले, "कुणी केलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"त्याच्या शेवटच्या जाळाची होती ती काजळी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं सांभाळली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले, मला बाहेर यायची खूण केली आणि दाराला कुलूप लावलं. रविवारी ब्रिगेडियर आले, तर अण्णांनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. "संग्रहालय बंद आहे स्वामी. बघायचं होतं ते धुऊन गेलं." बिचारे सलाम करून गेले.

तीन दिवस अण्णा खोलीतून बाहेर पडले नाहीत. जेवण परत जायचं. मी रडून रडून डोळे सुजवून घेतले. ह्यांनी बिऱ्हाड बदलायची गोष्ट काढली. चौथ्या दिवशी मी अक्कांपाशी गेले आणि बसले. अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला पहिल्यांदा ती सगळी हकीकत सांगितली.

माघारीचे दिवस होते. नदीच्या काठाकाठानं सगळी फौज पांगून चाललेली. अण्णांच्या खेचरांच्या तांड्यात एक परका शिपाई येऊन मिसळला, आपल्या पलटणीपासून तुटलेला, तापानं फणफणलेला. मराठी बोलणारा म्हणून अण्णांच्या जवळ राहिला. नाव विचारायला कुणाला सवड? सगळे त्याला 'पाव्हणा' म्हणायचे. चार दिवस तो चालला. पाचव्या दिवशी पाणी संपलं. पाव्हण्याकडे आपल्या घरचा एक तांब्या होता, त्यात तळाशी थोडं उरलेलं. तेलकट लाकडं पेटवून त्यानं त्यात चहा उकळला, आणि अर्धा अण्णांना दिला, अर्धा चंद्रीला. स्वतः नाही प्याला. पहाटे गेला. गळ्यातला बिल्ला जमादारानं काढून घेतला, आणि तो जमादार दोन दिवसांनी नदीत वाहून गेला, बिल्ल्यासकट. नाव गेलं, गाव गेलं.

"जाताना एवढंच म्हणाला," अक्का म्हणाल्या, "तांब्या घरी पोचवा. दारात चिंच आहे. हे म्हणतात, दारात चिंच असलेली घरं मराठी मुलखात किती असतील ग? दोनदा हिंडून आले सातारा-सांगलीकडे. कुणाला विचारणार? म्हणून मग हे दुकान मांडलं. कधीतरी कोण येईल, ओळखेल. त्याच्या घरची माणसंच तो घासतील, तोवर घासायचा नाही, असं ह्यांचं व्रत."

मला हुंदका आवरेना. आणि रडता रडता माझं तोंड सुटलं. "मला काय ठाऊक अक्का! भागीरथीचा तांब्या तो, तिच्या मामानं हौसेनं दिलेला. तो असा काळा ठेवलेला बघून तिला तरी बरं वाटलं असतं का?"

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोण भागीरथी?"

"भागीरथी. तांब्याच्या बुडावर नाव घातलंय की."

आता वाटतं, इतकी कशी मी बथ्थड? पण खरं सांगते, आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव असतंच. तांबट ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकतो, कोणी कोणाला दिलं ते. माझ्या घरातल्या पातेल्यावर आजेसासूचं नाव आहे. रोज घासते, रोज हाताला लागतं, वाचलंय कधी? त्या दिवशीही मी ते वाचलं आणि पुढं घासत राहिले. म्हटलं, चाळीस वर्षं तांब्या ज्यांच्या घरी आहे, त्यांना एवढं ठाऊक नसेल होय? नावावरून शोधून झालं असेल, हाती काही लागलं नसेल, म्हणून माणसांना विचारत बसतात. काजळीखाली नाव आहे हेच त्यांना ठाऊक नाही, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं. अण्णा उभे होते, तीन दिवसांची दाढी वाढलेली. "काय म्हणालात बाई?"

आम्ही तिघं संग्रहालयात गेलो. अण्णांनी स्वतः तांब्या उचलला आणि उलटा केला. ठिपके त्यांना दिसत होते, वाचता येत नव्हते. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. मी मोठ्यानं वाचलं: "चि. सौ. भागीरथीस मामाकडून. मु. कातरवाडी."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. सहा-सात वेळा वाचायला लावलं त्यांनी. मग तांब्या छातीशी धरून हा सत्तरीला टेकत चाललेला माणूस रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला. "काखेत होता की हो! पोटाशी घेऊन मुलूखभर हिंडलो आणि गाव त्याच्या बुडाखाली." अक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अय्यो, चाळीस वर्षांत एकदा मला घासू दिला असता तर!"

कातरवाड्या तीन निघाल्या. ह्यांनी कारखान्यातल्या एका सातारकराला विचारून तिन्ही टपालांचे पत्ते मिळवले आणि पत्रं मी लिहिली. अण्णा समोर बसून सांगायचे, मी त्यांचं कानडी गाळून मराठी उतरवायची. दोन गावांहून 'अशी कोणी नाही' असं आलं. तिसरीकडून काहीच येईना. दसरा गेला, दिवाळी गेली. पोस्टमन दिसला की अण्णा पायरीवर उभे. तो बिचारा तमिळमध्ये नाही म्हणायचा. नाही हा शब्द कुठल्याही भाषेत कळतोच. मी म्हणे, "बाकीची सहा भांडीही घासून बघू का हो?" तर मान हलवायचे. "बेडा, नको. एका खेचरावर एकच ओझं. आधी हा पोचू दे."

संक्रांतीच्या तोंडावर शाळामास्तरांच्या अक्षरातलं पत्र आलं. मी ते अंगणात उभ्यानंच वाचलं. भागीरथीबाई कातरवाडीच्या नव्हेत, मामा तिथले. त्या जवळच्याच गावी दिलेल्या, आणि अजून आहेत. डोळ्यांनी दिसत नाही, पण मन शाबूत आहे. नवरा बसऱ्याकडे वारल्याचा सरकारी कागद तेव्हाच आला होता. कागदापलीकडे काही आलं नाही. आणि शेवटी मास्तरांनी लिहिलं होतं: मी स्वतः जाऊन आलो, दारात चिंच आहे.

अण्णांनी पेटा काढून हातात घेतला आणि तसेच उन्हात उभे राहिले.

मग भागीरथीबाईंची मुलगी आली. म्हणजे चाळिशी ओलांडलेली बाई, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मिरजेहून एकटी गाडी बदलत आलेली. बापानं हिला बघितलं नव्हतं. अण्णांनी तिला काही विचारलं नाही. गाव नाही, लढाई नाही. नुसते दार धरून उभे राहिले. तीच आत आली, सगळी कपाटं सोडून नेमकी त्याच्यापुढं गेली.

"ह्यो न्हवं?" ती म्हणाली. "आई म्हंती गळ्यापाशी पोचा आसंल. वरातीत पडल्याला."

गळ्यापाशी पोचा होता. मी घासला होता ना, मला पक्का ठाऊक.

अण्णांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. मी इतकी वर्षं त्यांना बोलताना ऐकलं, पण असं अडखळत कधीच नाही. चहाचं सांगताना थांबले. "त्यानं दिला आणि मी प्यालो बाळा. नको म्हणायला पाहिजे होतं. तो तापात होता, त्याला पाणी पाहिजे होतं. मी विशीतला, मला समजलं नाही. तुझ्या बापाचं पाणी मी प्यालो."

तर हे होतं म्हाताऱ्याच्या पोटात! चाळीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तांब्या दाखवत होता, आणि मी म्हणत होते भुंगा.

ती बाई म्हणाली, "बरं झालं प्यालासा. न्हाईतर आमचा तांब्या कुणी आणला असता?"

मी आणि अक्का एकमेकींकडे बघू शकलो नाही. अण्णा उठले. तांब्या उचलून अंगणात गेले, नळाखाली धरून भरला, आणि काठोकाठ भरलेला तसाच दोन्ही हातांनी घेऊन आले. आल्या पाहुण्याला त्या माणसानं स्वतःच्या हातानं पाणी दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "पाणी घ्या."

ती वरून प्याली नाही. तोंड लावून प्याली, घटाघटा, सगळा. मला आपलं सारखं वाटत होतं, बरं झालं घासला. देवा, बरं झालं घासला.

जाताना अक्कांनी दंडक मोडू दिला नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यांनी तांब्यात गूळ भरला, तर अण्णांनी तो अर्धा काढायला लावला आणि वर मूठभर हुरळी घातली. "ही चंद्रीकडून." गुळात कुळीथ! पण ती बाई हसली नाही. पदर पुढं करून घेतलं तिनं.

मग कपाटातलं लाल कापड रिकामंच राहिलं, त्यावर एक काळं वर्तुळ. लोक विचारायचे, इथं काय होतं? अण्णा सांगायचे, "घरी गेला." हे दोन शब्द ते इतक्या थाटात म्हणायचे की वाटावं, संग्रहालयातली सगळ्यांत मोठी वस्तू हीच. अक्कांनी गिरणीचं नाव काढणं सोडलं. छातीतली कळही म्हणे गेली. डॉक्टर म्हणाले औषधाचा गुण. असेल बापडा.

उन्हाळ्यात एक पार्सल आलं. कापडात शिवलेला पत्र्याचा डबा, आणि मास्तरांच्या अक्षरात भागीरथीबाईंचा निरोप. तांब्या उशाशी पाणी भरून ठेवते. रात्री जाग आली की हात लावून बघते. गूळ वाटला, कुळीथ पेरले, उगवलेत. तुमचा डबा नव्हता, तरी रिकामं कसं पाठवू, म्हणून दारची चिंच पाठवते.

डबाभर चिंच, गोळे करून, मीठ लावून. अण्णांनी तीन गोळे काढले आणि लाल कापडावर त्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध ठेवले. मग उरलेला डबा घेऊन अंगणात आले. मी धुणं वाळत घालत होते.

"पुण्याच्या बाई," ते म्हणाले, "काम आहे स्वल्प."

त्यांच्या मागं अक्का होत्या, ओच्यात काळी भांडी घेऊन. दोन मगे, एक डबा, दोन वाट्या, एक ताटली. माघारीच्या त्याच वाटेवर अण्णांनी वेचलेली, कोणाकोणाची, ठाऊक नाही.

मी धुणं तसंच टाकलं आणि नळाखाली बसले. पहिला मगा नुसता पत्रा निघाला, दुसराही. डब्यावर फौजेचा आकडा, घासून पुसट झालेला. अण्णा पायरीवर बसून होते, पाय अनवाणी, पेटा मांडीवर. एका वाटीवर काही नव्हतं. दुसरी पितळेची होती. तिच्या बुडाला मी चिंचेचा गोळा लावला, राख घेतली आणि गोल गोल घासत राहिले, आणि काजळी सुटता सुटता माझ्या नखाला खालून काहीतरी टोचलं. बारीक. मग त्याच्या शेजारी आणखी एक, आणि आणखी एक.

मी वर बघितलं. अण्णा उठून उभे राहिले होते.

"गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.